बोल्टवरचा चार

फोटोत एकच आकडा होता. चार. तो इतका मोठा केला होता की आकडा कमी आणि लोखंडात पडलेली खाच जास्त वाटत होती.

"काय दिसतंय?" नबील सरांनी विचारलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"चार."

"आणि?"

मला दिसलं होतं. या चारची आडवी रेघ उभ्या रेघेच्या जरा जास्तच बाहेर आली होती. खाचेच्या कडेला लोखंड किंचित वर उचललं गेलं होतं. ऐंशी वर्षांपूर्वी मारलेल्या आकड्याच्या कडा हात लागून लागून झिजतात. ही कड अजून टोचेल अशी होती.

"हा चार जर्मनीत मारलेला नाही," सर म्हणाले. "आणि आपल्या रिपोर्टवर सही तुझी आहे."

मी दोह्यातल्या एका लहान मूल्यांकन फर्ममध्ये काम करते. वस्तूची किंमत किती, हे आम्ही लिहून देतो. इन्शुरन्ससाठी, वारसांच्या वाटणीसाठी, विक्रीसाठी. माझं काम घड्याळांचं आणि गालिच्यांचं. जुन्या हत्यारांचं काम बघणारा सहकारी नोकरी सोडून मायदेशी गेला आणि त्याच्या फाइल्स माझ्याकडे आल्या. "तू बारकाईनं बघतेस," नबील सर तेव्हा म्हणाले होते. नबील सर लेबनीज आहेत, फर्म त्यांचीच. मी कमी बोलते म्हणून मी जास्त बघत असेन असा त्यांचा समज आहे. तो अर्धा खरा आहे.

वस्तू होती दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल. साध्या सैनिकाच्या हातातली, दर गोळीला बोल्ट मागेपुढे करावा लागणारी. बोल्ट म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून दार बंद करणारा लोखंडी दांडा. अशा रायफली लाखांनी बनल्या. त्यामुळे ती नुसती जुनी आहे याला फारसा भाव नाही. भाव नंबरांना आहे. कारखान्यातून बाहेर पडताना रायफलच्या मुख्य भागावर एक नंबर मारत. तोच नंबर बोल्टवर, आणि लहान भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे. आज ते सगळे एकच असतील तर रायफल 'मॅचिंग'. म्हणजे युद्ध, शरणागती, गोदामं, बोटी, एवढ्यातून तिचे सगळे अवयव एकत्र राहिले. एक जरी वेगळा निघाला तर 'मिसमॅच', आणि किंमत धाडकन खाली येते.

तिसराही प्रकार आहे. युद्धानंतर जिंकलेल्या देशांनी पकडलेल्या रायफलींचे ढीग खोलले, साफ केले, हाताला येईल तो भाग बसवला आणि त्यावर नवे नंबर मारले. याला संग्राहक 'फोर्स मॅच्ड' म्हणतात. आणि हेच काम कोणी गिऱ्हाइकाला फसवायला केलं तर शब्द बदलतो. 'फोर्ज्ड'. लोखंड दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक हेतूचा असतो, आणि तो भिंगातून दिसत नाही.

या रायफलचा नंबर ५२४१. कारखान्याचा कोड, वर्ष ४३, नळीच्या बुडाशी गरुडाचे बारीक शिक्के. त्या वर्षी त्या कारखान्यांत कोणाला आणून जबरदस्तीनं राबवलं जात होतं हे मी वाचलं होतं. ते भावात धरत नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी मी ती पहिल्यांदा पाहिली, दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला, खालिद नावाच्या क्लायंटच्या घरी. संग्रह त्याच्या वडिलांचा. ते वसंतात वारले. खालिदला हत्यारांत रस नव्हता. ही एक रायफल दुसऱ्या एका संग्राहकाला देण्याचं त्यानं कबूल केलं होतं, बाकीच्या बारा वारसांत वाटायच्या होत्या. सगळ्या लायसन्सवर, काचेच्या कपाटात, मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागच्या खोलीत.

त्या खोलीत एक माणूस उभा होता. साठीचा, इस्त्री केलेला शर्ट, मिशी कातरलेली. त्यानं माझा गेट पास वाचला.

"गायधनी? नाशिकच्या का वो?"

मी मान हलवली.

"मी जगताप. खटाव तालुका. आर्मीत आर्मरर व्हतो, बंदुका दुरुस्त करायचो, हवालदार म्हनून रिटायर झालो. आता इथं नऊ वर्सं ह्यांच्या बंदुका सांभाळतोय. मराठी येतं न्हवं?"

"अंडरस्टँड करते," मी म्हणाले.

ते हसले. "म्हंजे शिव्या दिल्या तर कळंल, पन परत देता येनार न्हाई."

मीही हसले. मी इथेच वाढले. वडील गॅस कंपनीत, शाळा इंग्लिश मीडियम. घरी आईबाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. लेखी मराठी शिकले ती शुक्रवारी एका काकूंच्या फ्लॅटवर भरणाऱ्या वर्गात, चौथीच्या पुस्तकापर्यंत. हा लेख पुन्हा पुन्हा खोडून लिहिला आहे आणि आईनं तपासला आहे.

जगताप काकांनी पांढरे मोजे घालून रायफल टेबलावर ठेवली. बोल्ट काढून माझ्या समोर धरला. मी एकेक नंबर वाचून फॉर्मवर उतरवत गेले. बोल्टवर ५२४१. भिंग लावलं तेव्हा चारपाशी काहीतरी खुपलं. काय ते कळलं नाही. मी वहीत '४?' असं लिहिलं.

तेवढ्यात खालिद दारात आला. "मिस, गहवा थंड होतोय. यल्ला, चला." मजलिसमध्ये चार-पाच पुरुष कॉफीचे कप घेऊन बसले होते, नबील सरही. सगळे माझ्यासाठी थांबले होते. बोल्ट परत काढा, दिवा जवळ आणा, असं म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. मी बोल्ट परत दिला आणि सोपा रस्ता धरला. माणसाला विचारलं.

"काका, नंबर सगळे मॅचिंग आहेत ना?"

"सगळे जुळवलेत, ताई," ते अभिमानानं म्हणाले. "एक बी सोडला न्हाई."

मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं: देखरेख करणाऱ्याच्या म्हणण्यानुसार सर्व नंबर तपासलेले असून मूळ व मॅचिंग आहेत. वहीतलं प्रश्नचिन्ह वहीतच राहिलं.

आता खरेदीदारानं रायफल युरोपातल्या एका जाणकाराला फोटोंवरून दाखवली होती. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जुन्या लिलावाचा कॅटलॉग काढला. त्यात हीच रायफल होती, खालिदच्या वडिलांनी घेतली तेव्हाची. फोटोत बोल्टवर वेगळा नंबर होता आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, बोल्ट मिसमॅच. म्हणजे नंबर कतारमध्ये आल्यावर बदलला गेला. ईमेलमध्ये त्यांचा शब्द होता, 'फोर्ज्ड'.

"खालिद हादरलाय," नबील सर म्हणाले. "खरेदीदार त्याच्या वडिलांचा मित्र. तो म्हणतो, कोणी केलं त्याचं नाव रविवारपर्यंत द्या, नाहीतर फसवणुकीची तक्रार करतो. नाव कोणाचं आहे हे तुला माहीत आहे. तूच लिहिलंयस."

मी रिपोर्ट उघडून ते वाक्य वाचलं. पहिल्यांदा लिहिताना ते मला सावध वाटलं होतं. आता ते एखाद्या जबानीसारखं दिसत होतं. ज्या घरात नंबर बदलला तिथे आकडे ठोकायचा पंच आणि हातोडी एकच माणूस वापरतो, आणि त्याच माणसानं तज्ज्ञाला नंबर मूळ असल्याचं सांगितलं. तक्रार झाली तर ट्रॅव्हल बॅन. केस संपेपर्यंत देश सोडता येत नाही, आणि आरोप असलेल्याला कामही कोणी देत नाही. वर्ष, दोन वर्षं, कोणी सांगावं.

त्या संध्याकाळी अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"आई, व्हॉट इज जुळवलेत?"

लाटणं थांबलं. "कोणी जुळवलं? कुठलं स्थळ?"

"स्थळ नाही. नंबर्स. सगळे नंबर जुळवलेत. इट मीन्स दे मॅच, राइट? जोड्या जुळवा."

"ती परीक्षेतली गोष्ट. तिथे जोड्या आधीच ठरलेल्या असतात, तू फक्त रेघ मारतेस." तिनं पोळी तव्यावर टाकली. "पत्रिका जुळली म्हणजे आपोआप. पत्रिका जुळवली म्हणजे गुरुजींना सांगून. काय झालं? कोण काय म्हणालं तुला?"

मी सांगितलं नाही. त्या माणसानं मला पहिल्याच दिवशी, अभिमानानं, सरळ सांगितलं होतं की नंबर मी मारला. मी ते ऐकलं, आणि चौथीच्या पुस्तकातल्या अर्थानं खाली उलटं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी उम्म सलालला गेले. जगताप काका खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसले होते. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या.

"या ताई. तुमचं इंग्लिश चांगलं हाय, हे बगा जरा." त्यांनी फोन पुढे केला. कोणीतरी त्यांना तो ईमेल पाठवला होता. "फोर्ज्ड लिवलंय. ह्यात भांडन कशापाई? फोर्ज म्हंजे भट्टी. भट्टीतून ठोकून काडलेला पार्ट वतीव पार्टापेक्षा कदी बी भारी. चांगलंच म्हनतोय की तो."

ते खरंच मला विचारत होते.

"काका, त्याचा दुसरा पण मीनिंग आहे."

"काय?"

मला शब्द सापडेना. खोटा. नकली. बनावट हा शब्द तेव्हा मला येत नव्हता. "चीटिंग," मी म्हणाले. "चीट करण्यासाठी केलेला नंबर."

त्यांनी फोन खिशात घातला, मग परत काढला, पुन्हा वाचला.

"कुनाला फसवलं मी?"

"नंबर तुम्ही का मारला?"

"मग काय तसाच ठेवायचा?" आवाज पहिल्यांदा चढला. "बडे अरबाब, खालिदसायबांचे वडील, थंडीत वाळवंटात नेऊन ती चालवनार व्हते. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. तुमाला हेडस्पेस ठावं हाय का?"

मला पुस्तकातलं ठाऊक होतं. बोल्ट बंद झाल्यावर गोळीच्या मागे उरणारी फट. ती जास्त झाली तर गोळीची पितळी नळी मागे फुटते, चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

"आमच्या युनिटात सफाईच्या वक्ताला दोन जवानांचे बोल्ट बदलले. फायरिंगला गोळीची केस फुटली. एकाचा डोळा गेला. इन्क्वायरीत पयला सवाल काय? बोल्टावर नंबर कुठला. तवा आर्मरर माझा उस्ताद व्हता, ठपका त्याच्यावर आला. त्यो पेन्शनीत गेला, पन परत पंच हातात धरला न्हाई." ते थांबले. "म्हनून मी बोल्ट बसवला, गेज लावून फट बगितली, दोरी बांधून लांबून पाच राउंड मारले. पास झाल्यावर जुना नंबर कानशीनं काडला आन ह्यो मारला. नंबर कवा मारायचा? तपासून झाल्यावर. नंबर म्हंजे माझी सही हाय, ताई. हा बोल्ट हिचा हाय, बिनधास्त चालवा."

"हे कोणाला माहीत होतं?"

"अरबाब समोर उभं व्हतं. आन लिवलंय की."

"कुठे?"

ते उठून आपल्या खोलीत गेले आणि एक लांबट रजिस्टर घेऊन आले. नऊ वर्षांचं. आर्मीत ठेवायचे तसं, तारीख, हत्यार, काम, सही. हवालदारी वळणाचं मराठी. मी बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचलं. '५२४१. बोल्ट फिट केला. गेज पास. जुना नंबर काढून नवीन मारला. मालकांनी पाहिले.'

फसवणारा माणूस असं लिहून ठेवत नाही. मी रजिस्टर छातीशी धरून ऑफिसला आले.

नबील सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक. रजिस्टर खालिदला देऊ. त्या वाक्याबद्दल बोलायची गरज नाही."

"ते वाक्य चुकीचं आहे."

"ट्रान्सलेशनमध्ये थोडंफार होतं."

"त्यामुळे ते खोटारडे ठरतायत, सर."

"आणि तू सांगितलंस तर आपण बेजबाबदार ठरतो."

शनिवारी मजलिसमध्ये खालिद, नबील सर आणि मी बसलो. जगताप काका दाराशी उभे राहिले. खालिदनं त्यांना बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. मी घरून इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून आले होते. पहिलं वाक्य आठवलं नाही, म्हणून दुसऱ्यापासून सुरू केलं.

"रिपोर्टमधलं ते वाक्य यांचं नाही. माझं आहे. यांनी सांगितलं होतं, नंबर मी जुळवून घेतले. मी लिहिलं, नंबर मूळचेच जुळतात."

खालिदनं माझ्याकडे पाहिलं. "ते कुठल्या भाषेत बोलले?"

"मराठीत."

"ती तुमची भाषा ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला तुमची भाषा येत नाही?"

"पुरेशी नाही," मी म्हणाले.

नबील सर कपात बघत होते. खालिद दाराकडे वळला आणि हिंदीत बोलला. इथे साहेब आणि कामगार यांच्यामध्ये बहुधा हिंदीच असते.

"बाबा को मालूम था?"

"मालूम था, अरबाब. सामने खडे थे. नंबर देखा और हँसके बोले, खलास, अब ये मेरी हो गई."

वडिलांचा आवाज ऐकल्यासारखा खालिदचा चेहरा झाला होता. मग त्यानं रजिस्टर हातात घेतलं, पानं उलटली. एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

"बाबा येऊन साक्ष देणार नाहीत," तो मला म्हणाला. "हे आहे. याचं पूर्ण भाषांतर करून द्या. खरेदीदाराकडून मी आठवडाभर मुदत मागून घेतो आणि त्याला हेच दाखवीन. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मधलं काही गाळलं तर तो म्हणेल लपवलं."

मला वाटलं, सुटलो. जगताप काकांनाही तसंच वाटलं असावं. दाराबाहेर ते म्हणाले, "नीट लिवा बरं का ताई. मी येक दिवस बी खाडा केलेला न्हाई."

तीन दिवस लागले. मी रजिस्टर वाचायचे, अडले की फोटो आईला पाठवायचे. ती लगेच फोन करायची. 'घासून' म्हणजे पॉलिश की फाइल, कानशीनं? "घासून म्हणजे घासून गं. वर काय लिहिलंय ते वाच." वर लिहिलं होतं, गंज. 'दस्ता रंधून वॉर्निश.' 'स्प्रिंग बदलली.' 'खिळा जीर्ण, नवा बनवून बसवला.' 'नंबर पुसट, परत मारला.'

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा हात थांबला. मी ५२४१ सोडून बाकीच्या नोंदी मोजल्या नव्हत्या, फक्त लिहीत चालले होते. आता मागे जाऊन पाहिलं. कपाटातल्या उरलेल्या बाराही हत्यारांवर जगताप काकांचा हात फिरला होता. प्रत्येक वेळी योग्य कारणानं. गंज चढत होता, लाकूड फुटत होतं, स्प्रिंग मेली होती. ते सैन्यात शिकले होते की हत्यार म्हणजे चालणारी वस्तू, आणि चालत नसेल तर ती चालती करायची. संग्राहकाच्या जगात याच्या बरोबर उलट असतं. तिथे गंज ठेवायचा, फुटका लाकडी दस्ता ठेवायचा, मेलेली स्प्रिंग ठेवायची. ज्याला हात लागलेला नाही त्यालाच भाव. मूळ वॉर्निश एकदा रंध्याखाली गेलं की ते परत येत नाही. कानशीनं काढलेला नंबरही येत नाही.

मी सरांना दाखवलं.

"हे दिलं तर बाराचा भाव पडेल," मी म्हणाले.

"आणि नाही दिलं तर?"

"तर त्यांच्यावर केस होईल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्लायंटनं पूर्ण मागितलंय. तू पूर्ण दे. यावेळी तरी."

मी जगताप काकांना फोन केला. देण्याआधी त्यांना माहीत असावं असं वाटलं. मोडक्या मराठीत समजावलं, की हे दिलं की तुम्ही सुटाल, पण वारस तुमच्यावर रागावतील. नोकरी जाईल बहुतेक.

"पन त्यात खोटं तर काई न्हाई ना?"

"नाही."

"मग द्या. खरं लिवलंय ते द्यायला माझी परवानगी कशाला?"

मी दिलं. यावेळी भाषांतर अचूक होतं.

खरेदीदारानं ते वाचलं आणि तक्रार केली नाही. व्यवहार रद्द केला, रायफल परत आली. जाणकार गृहस्थांनी दोन ओळी लिहिल्या. फोर्ज्ड हा शब्द मी मागे घेतो, फोर्स मॅच्ड म्हणा. माझ्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये मी तेच लिहिलं आणि पुढे जोडलं, 'फसवणुकीचा हेतू आढळत नाही.' सरांनी ते खोडलं. "आपण हेतू मोजत नाही." मी म्हटलं, मग मी सही करत नाही. त्यांच्यासमोर मी असं पहिल्यांदाच बोलले आणि आवाज विचित्र आला. दुपारी त्यांनी ते तळटीप म्हणून ठेवलं. अक्षर फार बारीक आहे, पण आहे.

किंमत मात्र मिसमॅचपेक्षाही खाली आली. मिसमॅच निदान जशी मिळाली तशी असते. हिचा जुना नंबरही गेला होता आणि नवा खरा नव्हता. उरलेल्या बाराचं मूल्यांकन पुन्हा मीच केलं. शेजारी रजिस्टर उघडं ठेवून. जिथे जिथे जगताप काकांची सही होती तिथे तिथे मी आकडा कमी केला. नऊ वर्षांच्या कामाची एकेक ओळ वाचून त्या कामाची किंमत वजा करत गेले. वारसांपैकी एकानं फोनवर विचारलं, हा माणूस इतकी वर्षं पगार कशाचा घेत होता. माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

खालिदनं त्यांचा व्हिसा रद्द केला. देणं-घेणं सगळं चोख केलं, तिकीट दिलं, वाईट शब्द बोलला नाही. त्याच्या भावंडांना तो माणूस घरात नको होता. मला ऑफिसकडून लेखी ताकीद मिळाली आणि हत्यारांच्या फाइल्स काढून घेतल्या गेल्या. मी परत घड्याळांवर आले.

जाण्याआधी जगताप काका ऑफिसला आले, एका कागदावर सही करायला. रिपोर्टसाठी दिलेली माहिती त्यांचीच आहे, असा कागद. मी तो आधी मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला, पूर्ण नाव लिहून सही केली, खाली तारीख टाकली. मग पेन बंद करून परत माझ्याकडे सरकवलं.

"आन त्ये लिवलंत न्हवं? समद्या चालवायला सेफ हायत. तेराच्या तेरा. कुनाच्या बी पोराबाळांनी हातात घेतली तरी भ्यायचं कारन न्हाई."

मी फॉर्म पुन्हा पाहिला, खरं तर पाहायची गरज नव्हती. कारखाना, वर्ष, नंबर, शिक्के, लाकूड, मूळ अवस्था, किंमत. चालवायला सुरक्षित आहे की नाही, असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.

"नाही लिहिलं," मी म्हणाले. "विचारत नाहीत ते."

त्यांनी मान हलवली. कोणत्या युनिटात काय विचारतात हे आयुष्यभर बघितलेल्या माणसासारखी. "बरं," म्हणाले, आणि गेले.

आता मी कोणाचंही म्हणणं रिपोर्टमध्ये घेताना आधी त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवते, मग खाली इंग्रजी. वेळ जास्त लागतो. नबील सर कुरकुरतात. त्यानं चूक टळते, एवढंच. चूक टळली की माणूस वाचतो, असं मी धरून चालले होते. तसं नसतं.